भाडेकरूची अनामत : निक्षेप कीं आधि?

(१) विषयप्रवेश

घर भाड्यानें घेतेवेळीं घरमालकाच्या हातीं कांहीं रक्कम अनामत म्हणून ठेवावयाची व घर सोडतेवेळीं ती परत घ्यावयाची, ही रीत आजच्या नागर जीवनांत इतकी रूढ झाली आहे कीं, तिचें मूळ कोणतें व तिचा न्याय कोणता हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत उद्भवत नाहीं. तो उद्भवतो घर सोडल्यानंतर. किल्ली मालकाच्या स्वाधीन झालेली असते, सामान दुसऱ्या बिऱ्हाडीं पोंचलेलें असतें, आणि अनामत मात्र ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ या उत्तरापाशीं अडकून पडलेली असते. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दृष्टीनें ही रक्कम लहान नसते. पुष्कळदां नव्या घराची अनामत जुन्या घराच्या अनामतीवरच अवलंबून असते.

हा तंटा नवा दिसतो. पण ज्या दोन नात्यांच्या संयोगांतून तो निघाला तीं दोन्ही नातीं फार जुनीं आहेत. एक, ठेव ठेवणाऱ्याचें व ती सांभाळणाऱ्याचें. दुसरें, घरधन्याचें व भाडें देऊन राहणाऱ्याचें. आमच्या स्मृतिकारांनीं या दोहोंचा विचार निरनिराळ्या प्रकरणांत केला आहे. तीं दोन्ही प्रकरणें एकत्र ठेवून पाहिल्यास आजच्या अनामतीचें खरें स्वरूप कळतें, असें आमचें मत आहे. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें : भाडेकरूची अनामत ही नांवानें निक्षेप असली तरी व्यवहारानें आधि म्हणजे तारण आहे, आणि तिला निक्षेपाचें संरक्षणही मिळत नाहीं व आधीचा न्यायही मिळत नाहीं, हेंच तंट्याचें मूळ होय.

(२) निक्षेपाचा धर्म

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें गणिलीं आहेत. त्यांत ऋणादान पहिलें असून निक्षेप लगेच दुसरें आहे. या क्रमावरूनच त्या काळीं हे तंटे किती नित्याचे होते याची कल्पना येते. ठेव कोणापाशीं ठेवावी हें मनु प्रथम सांगतो : कुलीन, सदाचारी, धर्म जाणणारा, सत्यवादी, मोठ्या गोतावळ्याचा, धनवान अशा गृहस्थापाशीं. नंतर मुख्य नियम येतो तो असा कीं, जी वस्तु ज्या रीतीनें हातीं दिली असेल ती त्याच रीतीनें परत घ्यावी. चोरानें नेली, पाण्यानें वाहून गेली किंवा अग्नीनें जळाली तर सांभाळणाऱ्यावर दोष नाहीं. मात्र त्यानें स्वतः तींतून कांहीं काढून घेतलेलें नसावें.

साक्षीदार नसतील तर काय करावें, याविषयीं मनूनें सांगितलेली युक्ति मोठी मार्मिक आहे. न्यायाधीशानें वयानें व रूपानें विश्वास बसेल अशा हेरांकरवीं त्याच माणसापाशीं कांहीं निमित्तानें सोनें ठेववावें व मग तें परत मागवावें. त्यानें तें जसेंच्या तसें दिलें तर फिर्यादीचें म्हणणें निराधार समजावें. न दिलें तर दोन्ही ठेवी त्याच्याकडून वसूल कराव्या. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत औपनिधिक प्रकरणीं याच अडचणीवर निराळा उपाय योजिला आहे. लेख नसलेली ठेव कोणी नाकारूं लागल्यास ठेवणाऱ्यानें भिंतीआड साक्षीदार लपवून ठेवावे व एकांतांत नम्रपणें विनवणी करून त्याच्या तोंडून कबुली त्यांच्या कानीं पाडावी. दोघांच्याही युक्त्यांवरून एक गोष्ट उघड होते. ठेवीच्या तंट्यांत कायदा काय म्हणतो याविषयीं वाद फारसा नसे. वाद असे तो ठेव दिली होती हें सिद्ध कसें करावें याविषयीं.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत या प्रकरणीं दोन नियम आहेत, ते आमच्या विषयास फार उपयोगी आहेत. पहिला असा कीं, राजा, दैव किंवा चोर यांमुळें ठेव नाहींशी झाली तर ती भरून द्यावी लागत नाहीं. परंतु मागणी केल्यावरही दिली नाहीं आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर ती भरून द्यावी लागते व तितकाच दंडही होतो. दुसरा असा कीं, जो आपल्या इच्छेनें ठेवीचा उपभोग घेतो त्यास दंड करावा आणि ठेव वृद्धीसह द्यावयास लावावी. येथें मागणी म्हणजे याचना हा क्षण निर्णायक मानला आहे. मागणीपूर्वीं सांभाळणारा हा उपकारकर्ता असतो. मागणीनंतर अडवून धरणारा तो अपराधी होतो.

या वचनांवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) आश्रयास होता. त्यानें ठेवीचे प्रकार काटेकोरपणें वेगळे केले आहेत. मोहरबंद करून आंत काय आहे तें न सांगतां दिलेला तो उपनिधि. घरधन्याच्या परोक्ष घरच्या माणसांच्या हातीं दिलेला तो न्यास. आणि समक्ष स्वाधीन केलेला तो निक्षेप. मराठींत या सर्वांस ‘ठेव’ हा एकच शब्द पुरतो. पुढें अरबींतील ‘अमानत’ शब्द फारशीच्या द्वारें आला व मराठी जिभेवर त्याची ‘अनामत’ झाली. त्याही शब्दाच्या मुळाशीं विश्वास हाच अर्थ असून ‘इमान’ हा शब्द त्याच धातूचा आहे.

वाङ्मयांतही या धर्माचीं चित्रें आहेत. मृच्छकटिकांत वसंतसेनेचे दागिने चारुदत्ताच्या घरांतून चोरीस जातात. स्मृतीच्या वचनाप्रमाणें तो जबाबदारींतून मोकळा होता. पण दरिद्री माणसाच्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवणार नाहींत हें जाणून तो पत्नीनें दिलेली रत्नमाला मोबदला म्हणून पाठवितो. याच्या उलट पंचतंत्रांतील तो वाणी. त्याच्यापाशीं ठेवलेला लोखंडी तराजू मागतांच ‘उंदरांनीं खाल्ला’ असें तो सांगतो, आणि ठेवणारा त्याच्या मुलास लपवून ‘ससाण्यानें नेला’ असें उत्तर देतो, तेव्हां कोठें तराजू परत मिळतो. हल्लींचे घरमालक उंदरांचें नांव घेत नाहींत. ते रंगसफेदीचें नांव घेतात.

(३) भाटकाचा धर्म

आतां दुसऱ्या नात्याकडे वळूं. ‘भाडें’ हा आपला शब्द संस्कृत ‘भाटक’ यापासून आला आहे. स्मृतींत यासच स्तोम व अर्थशास्त्रांत अवक्रय असेंही म्हटलें आहे. कौटिल्याच्या वास्तुप्रकरणांत घरधनी व भाडेकरू या दोघांवरही सारखाच बारा पणांचा दंड सांगितला आहे. जा म्हणून सांगितल्यावरही जो राहतो त्यास, आणि भाडें देणाऱ्यास जो बाहेर काढतो त्यास. मारहाण, शिवीगाळ, चोरी, परस्त्रीगमन, खोटा भोगवटा असे दोष भाडेकरूच्या ठायीं असतील तर मात्र त्यास काढण्यास हरकत नाहीं. भाडेकरू आपण होऊन मध्येंच गेला तर वर्षाचें उरलेलें भाडें त्यानें द्यावें, असेंही तेथें सांगितलें आहे. आजच्या करारनाम्यांतील मुदतीपूर्वीं घर सोडण्याच्या कलमाचें हें पूर्वरूपच म्हणावयाचें.

नारदस्मृतींतील नियम याहूनही लक्षांत घेण्यासारखे आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवर भाडें देऊन जो घर बांधून राहिला, त्यानें जातांना आपलें गवत, लांकूड, विटा घेऊन जावें; परंतु भाडें न देतां व धन्याच्या संमतीवांचून जो राहिला, त्यास यांतलें कांहींच नेतां येत नाहीं. त्याच ठिकाणीं भाड्यानें घेतलेल्या भांड्यांविषयीं म्हटलें आहे कीं, मुदत भरतांच तीं परत करावीं; फुटलेलें व हरवलेलें भाड्यानें घेणाऱ्यानें भरून द्यावें; मात्र सर्वांवर कोसळलेल्या आपत्तींत तें गेलें असल्यास त्याच्यावर भार नाहीं. इ. स. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें १०८ वें कलम यापाशेजारीं ठेवून पाहावें. भाडेकरूनें जमिनीस जोडलेल्या वस्तु त्यास ताबा सुटण्यापूर्वीं काढून नेतां येतात, आणि घर त्यानें मिळालें तशा स्थितींत परत करावें; पण वाजवी वापरानें झालेली झीज त्यास भरून द्यावी लागत नाहीं. दोन्हीकडे न्याय एकाच दिशेनें जातो.

या वचनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. भाडें, मोडतोड आणि ठेव हीं तीन खातीं शास्त्रकारांनीं वेगळालीं ठेविलीं होतीं. आमच्या अभ्यासांतील या वचनांत घर भाड्यानें देतांना मालकानें आगाऊ रक्कम अडकवून ठेवावी असा विधि नाहीं. भाडें थकलें तर भाड्याचा दावा. वस्तु फुटली तर फुटीचा दावा.

(४) अनामत कोणत्या पदांत बसते?

निक्षेपांत ठेवणारा हा विश्वास टाकणारा असतो. तो योग्य माणूस शोधतो, आणि मनूनें सांगितलेले गुण त्यास उपयोगी पडतात. भाडेकरूच्या अनामतींत हें अगदीं उलट आहे. येथें अविश्वास घेणाऱ्याचा असतो. भाडेकरू भाडें बुडवील, घर खराब करील, वेळेवर सोडणार नाहीं, या भयानें मालक रक्कम मागतो. भाडेकरूनें मालक निवडलेला नसतो. त्यानें घर निवडलेलें असतें, आणि मालक त्याबरोबर येतो. म्हणून ही रक्कम मूलतः तारण आहे, आणि तारणास शास्त्रांत आधि म्हणतात.

आधीचे दोन प्रकार आहेत. नुसता सांभाळावयाचा तो गोप्य. ज्याचा उपभोग घेतां येतो तो भोग्य. गोप्य आधीचा उपभोग घेतला तर धनकोस व्याज मिळत नाहीं असें याज्ञवल्क्य म्हणतो, आणि उपभोग मिळत असलेल्या आधीवर वेगळें व्याज घेतां येत नाहीं असें मनु म्हणतो. तत्त्व एकच : एका देण्याबद्दल दोन लाभ घेऊं नयेत. आतां भाडेकरूची अनामत पाहावी. मालक घराचें भाडें पूर्ण घेतो आणि अनामतीची रक्कमही वापरतो. भाडेकरूस व्याज मिळत नाहीं. निक्षेप म्हणावा तर सांभाळणाऱ्यास उपभोगाचा अधिकार नाहीं. आधि म्हणावा तर दुहेरी लाभास आधार नाहीं.

मालकास होणारा हा लाभ कल्पित नाहीं, हें सरकारी हिशेबावरूनच दिसतें. महाराष्ट्रांत लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारतांना परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दरानें व्याज धरून तें भाड्याच्या रकमेंत मिळवितात. म्हणजे शुल्कापुरतें व्याज मोजलें जातें. भाडेकरूच्या हिशेबीं मात्र तें कोठेंच जमा होत नाहीं.

भोग्य आधीचा शुद्ध नमुना पाहावयाचा असल्यास आपल्या शेजारीं कर्नाटकांत पाहावा. बंगळूर शहरांत मोठी रक्कम एकदम देऊन मासिक भाड्यावांचून घरांत राहण्याची चाल आहे, आणि तीस कानडींत आजही ‘भोग्य’ असेंच म्हणतात. रक्कम मालकानें वापरावी, घर रहिवाशानें वापरावें, व मुदत संपतांच दोघांनीं आपआपलें परत घ्यावें. कोरिया देशांतही ‘जनसे’ नांवाची अशीच पद्धति आहे. या व्यवहारांत निदान दोन्ही बाजू तोलून धरलेल्या असतात. त्यांतील धोका असा कीं, मालकानें रक्कम दुसरीकडे गुंतवून बुडविली तर रहिवाशाचें सर्वस्व जातें. कोरियांत असे प्रकार इतके वाढले कीं २०२३ सालीं नाडलेल्या लोकांसाठीं खास कायदा करावा लागला.

(५) मुंबईचे कायदे

मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं झाला. पुढें १९३९, १९४४ व १९४७ सालीं निरनिराळे कायदे झाले. १९४७ चा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. त्यांत बहुतेक जुन्या घरांचें प्रमाणभूत भाडें सप्टेंबर १९४० च्या मानानें धरलें होतें. भाडें गोठलें, घरांची टंचाई वाढली, आणि जें उघडपणें भाड्यांतून घेतां येईना तें पागडीच्या रूपानें घेतलें जाऊं लागलें. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमानें भाड्याव्यतिरिक्त नजराणा, अनामत किंवा दुसरा मोबदला घेणें हा मालकाचा अपराध ठरविला होता.

निषेधाचा परिणाम मात्र विलक्षण झाला. देणें निषिद्ध म्हणून पावती नाहीं. पावती नाहीं म्हणून पुरावा नाहीं. आणि मागावयास जावें तर ‘तुम्हीही बेकायदा व्यवहारांत सामील होतां’ असें उत्तर. कौटिल्याचे भिंतीआडचे साक्षीदार ज्या अडचणीसाठीं होते ती अडचण कायद्यानेंच पुन्हां निर्माण केली. या उत्तराचें खंडन सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं बिहारमधील एका प्रकरणांत केलें. भाडेकायद्याच्या निषेधाविरुद्ध मालकास दिलेल्या रकमेची वजावट भाडेकरूस मागतां येते, कारण निवाऱ्याच्या गरजेनें नाडलेला भाडेकरू व मालक हे समान अपराधी नव्हेत, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

महाराष्ट्राचा भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५६ व्या कलमानें नजराणा व अनामत घेण्यास मोकळीक दिली. लपविण्याचें कारण संपलें, हा मोठा लाभ होय. याहून महत्त्वाचें ५५ वें कलम आहे. घर भाड्यानें अथवा लिव्ह अँड लायसन्सनें देतांना करार लेखी असला पाहिजे व तो नोंदविलेला असला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. आणि करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरें धरावयाचें. मनूनें हेर पाठवून जें साधावयाचें योजिलें तें येथें पुराव्याचा भार फिरवून साधलें आहे. आमच्या मतें या विषयाच्या इतिहासांत इतकें महत्त्वाचें पाऊल दुसरें नाहीं. पण भाडेकरूंपैकीं फारच थोड्यांस तें ठाऊक असतें.

(६) याचनेचें महत्त्व

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यांत भाड्याच्या घरांत राहत असे. घर सोडून चार महिने झाले तरी त्याची अनामत परत मिळाली नव्हती. आम्हांस भेटावयास आला असतां ‘गुरुजी, दर आठवड्यास दूरध्वनीवरून मागतों’ असें त्यानें सांगितलें. लेखी मागितली काय, असें विचारतां तो गप्प राहिला. आम्हीं त्यास पत्राचा मसुदा करून दिला. रक्कम केव्हां व कशी दिली, घर केव्हां रिकामें केलें, किल्ली कोणाच्या हातीं दिली, शेवटचें भाडें व वीजदेयक केव्हां भरलें, आणि मालकास कांहीं कापावयाचें असल्यास त्याचा बाबवार हिशेब व पावत्या पंधरा दिवसांत द्याव्या, नाहींतर पूर्ण रक्कम परत करावी, इतकेंच त्यांत होतें. कठोर शब्द एकही नव्हता. पत्र नोंदणी टपालानें गेलें. तिसऱ्या आठवड्यांत रक्कम आली. एका फुटलेल्या नळाचे पैसे कापले होते, व ते कापणें वाजवीच होतें. रंगसफेदीची गोष्ट मात्र पुन्हां निघाली नाहीं.

यांत आमचें चातुर्य कांहीं नाहीं. याज्ञवल्क्यानें मागणीच्या क्षणास जें महत्त्व दिलें तेंच येथें फळास आलें. आजच्या कायद्यांतही तें आहे. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणें मागतांच परत करावयाच्या ठेवीसाठीं दाव्याची मुदत मागणी केल्यापासून तीन वर्षें असते. करारांत परतीचा दिवसच ठरला असेल तर त्या दिवसापासूनच मुदत चालूं लागेल हें धरून चालावें व स्वस्थ बसूं नये. तोंडी मागणीचा दिवस कोणी सांगूं शकत नाहीं. लेखी मागणीचा दिवस टपालाचा शिक्का सांगतो. त्याचप्रमाणें घरांत येतांना व सोडतांना भिंती, नळ, दिवे, दारें यांची यादी करून उभयतांनीं सही करावी, छायाचित्रें ठेवावीं, आणि किल्लीची पोंच घेतल्यावांचून किल्ली देऊं नये. ‘जशी दिली तशी घ्यावी’ या नियमाचा अंमल यादीवांचून होत नाहीं.

घरमालकांची बाजूही येथें सांगणें न्याय्य होय. दोन महिन्यांचें भाडें थकवून, वीजदेयक न भरतां रात्रींतून निघून जाणारे भाडेकरू नाहींत असें नाहीं. ठेव ठेवलेली नसतां मागणारा आणि ठेवलेली असतां न देणारा, या दोघांसही मनु चोराप्रमाणें दंडनीय मानतो. यादीचा उपयोग म्हणूनच दोघांसही आहे.

(७) उपसंहार

प्रश्नाचें मूळ मालकाच्या स्वभावांत शोधावें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचा हिशेब व्हावयाचा, त्याच्याच हातीं रक्कम आणि त्याच्याच हातीं निकाल, अशी ही रचना आहे. मोडतोड किती हें ठरविणारा मालक, कापून घेणारा मालक, आणि विलंबाचा लाभ मिळणारा तोही मालकच. या रचनेंत सज्जन मनुष्यही सोयीस्कर विलंब करूं लागतो.

इंग्लंड व वेल्स येथें २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानें ही रचना मोडली. ६ एप्रिल २००७ पासून तेथें भाडेकरूची अनामत सरकारमान्य संरक्षण योजनेखालीं आणावी लागते. एक तर ती तिऱ्हाईत संस्थेच्या हातीं ठेवावयाची, किंवा तिचा विमा उतरवावयाचा. तंटा झाल्यास निर्णय तिऱ्हाइताचा. आणि नियम न पाळणाऱ्या मालकास अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूस द्यावी लागते. शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर तेथें आधीस पुन्हां निक्षेपाचें रूप दिलें : तारण मालकाच्या भल्यासाठीं राहिलें, पण त्याचा उपभोग त्याच्या हातांतून निघाला. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानें २ जून २०२१ रोजीं संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यांत राहत्या घरासाठीं दोन महिन्यांच्या भाड्याइतकी व इतर जागेसाठीं सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामतीची मर्यादा घातली असून, ताबा घेतेवेळींच वाजवी वजावट करून ती परत करावी असें म्हटलें आहे. राज्यांनीं स्वीकारल्यावांचून तो मसुदा लागू होत नाहीं. त्यांत रकमेस मर्यादा आहे, पण रक्कम राहते मालकाच्याच हातीं. म्हणून रोगाचें मूळ तसेंच राहतें.

तेव्हां अनामतीस निक्षेप म्हणावयाचें असेल तर निक्षेपाचे तिन्ही नियम तीस लागू झाले पाहिजेत : उपभोग घेऊं नये, मागतांच द्यावी, मागितल्यावर अडविल्यास दंड व वृद्धि द्यावी. आधि म्हणावयाचें असेल तर तिच्या उपभोगाचें मूल्य भाड्यांत वजा झालें पाहिजे. दोहोंपैकीं कोणताही मार्ग शास्त्रास व व्यवहारास धरून आहे. तिसरा, म्हणजे नांव विश्वासाचें व वापर स्वतःच्या धनासारखा, यास आधार मिळत नाहीं.

शेवटीं वाचकांस एक विनंति. पेठांतील जुन्या वाड्यांच्या दप्तरांतून बिऱ्हाडकरूंच्या भाडेचिठ्ठ्या, पावत्या, वाडा सोडतेवेळचे हिशेब असे कागद पुष्कळदां रद्दींत जातात. वतनाच्या सनदा जपणारीं घराणींही हे कागद क्षुद्र मानतात. वाडा पाडण्यापूर्वीं असे कागद कोणास आढळल्यास त्यांनीं ते मंडळाकडे पाठवावे. सामान्य माणसाच्या निवाऱ्याचा इतिहास लिहावयाचा तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल.